अकरा दिवसांचा पाऊस

माझा पेपर परत आला तेव्हा त्याच्या समासात चौतीस वेळा एकच शब्द लिहिलेला होता. कशावरून? पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, अजिबात न चिडता. चिडून लिहिला असता तर मलाही चिडायला बरं पडलं असतं.

इतिहासाच्या आमच्या मॅडमना सगळं कॉलेज 'कशावरून मॅडम' म्हणतं. आज उकडतंय असं कुणी वर्गात म्हणालं तरी त्या तेच विचारतील, असा विनोद आहे. तो विनोद दोन वर्षं मीच पसरवत आले होते, त्यामुळे माझी दया कुणाला येणार नव्हती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक शोधनिबंध लिहावा लागतो आणि त्यावर निम्मे गुण असतात. माझा विषय होता आमच्या शहराचा तलाव आटला ते वर्ष. मी तेव्हा नऊ महिन्यांची होते. त्या उन्हाळ्यात चार दिवसांआड पाणी यायचं, लोक बादल्या घेऊन रांगा लावायचे, आणि शेवटी चौकशी बसली. पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं: मानवी संस्कृतीच्या उगमापासून पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. कशावरून? संपूर्ण शहर हवालदिल झाले होते. संपूर्ण? मोजलंस का?

इथपर्यंत मी दात-ओठ खात वाचलं. नवव्या पानावर मात्र थांबले. तिथे मी लिहिलं होतं की त्या उन्हाळ्याआधीच्या पावसाळ्यात पाऊस सरासरीइतका झाला होता, तरी तलाव भरला नाही. म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या गेटवरच्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पाणी वाहून गेलं, हे उघड आहे. 'उघड आहे' या शब्दांखाली मॅडमनी रेघ मारली होती आणि लिहिलं होतं: हे शब्द आपण पुरावा नसतो तेव्हा लिहितो. त्याखाली आणखी एक ओळ होती. हा माणूस हयात आहे का? त्याला विचारलंस?

तो माणूस हयात होता. दर रविवारी चार वाजता तो आमच्याच घरी बाबांशी बुद्धिबळ खेळायला येत होता. लहानपणी मी त्याच्या मांडीवर बसून मेलेली प्यादी रांगेत लावलेली होती.

आम्ही त्यांना गेटकाका म्हणतो. चौकशीनंतर त्यांना तलावाच्या गेटवरून काढून गाळणीघरात वाळू धुवायला टाकलं होतं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले, पण नाव गेटचंच चिकटलं. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी ते वाक्य लिहिलं. जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणात तसं छापलं होतं, चौकशीच्या अहवालात तसं म्हटलं होतं, आणि इतिहासकाराला नातीगोती नसतात असं मी स्वतःला बजावलं होतं. हे वाक्य माझं मीच तयार केलेलं असल्यामुळे मला ते भलतंच आवडलं होतं.

मॅडमच्या खोलीत मी गेले ती भांडायच्या तयारीनं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पोस्टकार्डाएवढ्या कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. पेपरातला प्रत्येक दावा एका कार्डावर लिहायचा, एका कार्डावर एकच. मागच्या बाजूला लिहायचं की हे मला कशावरून कळलं. मागची बाजू कोरी राहील ती कार्डं बाजूला काढायची आणि उरतील त्यांचा पेपर करायचा. आकडे हवेत तर मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, मूळ वहीतून हातानं उतरवून घ्यायचे. मी म्हटलं, यात वेळ किती जाईल. त्या म्हणाल्या, तीन आठवडे आहेत. माझा पेपर चाळत त्यांनी माझ्या शैलीचंही कौतुक केलं, म्हणजे असं म्हणाल्या की वाक्यं छान आहेत, आता त्यांना काहीतरी काम दे.

घरी येऊन मी कार्डं लिहिली. एकसष्ट दावे निघाले. बेचाळीस कार्डं मागून कोरी होती. मी कुणाला दाखवलं नाही.

पाऊस सरासरीइतका झाला या कार्डामागे मात्र मी ठणकावून लिहिलं: पर्जन्यनोंदवही, पाणीपुरवठा केंद्र. कारण ती वही बाबांची होती.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते पाणीपुरवठा केंद्रात एकतीस वर्षं पाऊस मोजत होते. रोज सकाळी साडेआठला कुंपणातल्या पर्जन्यमापकापाशी जायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी जायचं आणि शून्य लिहायचं. केंद्रात त्यांना 'मिलिमीटर' म्हणत. आई म्हणते, या माणसाशी संसार करणं म्हणजे चहात दूधसुद्धा डोळा रेषेशी आणून ओतून घेणं. निवृत्तीच्या वेळी केंद्रानं त्यांना 'एकतीस वर्षे अखंड नोंदी' असं लिहिलेलं मानपत्र दिलं. ते आईनं बैठकीच्या खोलीत लावलं. बाबा नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसतात. मला तो त्यांचा विनय वाटायचा.

माझा पहिला मसुदा त्यांनी वाचला होता. नववं पान झाल्यावर चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि छान आहे म्हणाले. त्यानंतर दोन दिवस ते जेवताना फारसं बोलले नाहीत. आईनं विचारलं तर दाढ दुखतेय म्हणाले.

गेटकाकांकडे मी शनिवारी गेले, मुद्दाम रविवार टाळून. त्यांच्या घरात एकही दार कुरकुरत नाही, कारण दर महिन्याला ते सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालतात. तेच चाललं होतं. मी धीर करून पेपराचा विषय काढला, आणि नववं पान त्यांना वाचून दाखवलं. वाचताना माझे कान तापले. त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि हात पुसत बसले.

"त्या ऑगस्टमध्ये मधले दहा-बारा दिवस कोरडे गेले," ते म्हणाले. "मी गेटवरच राहत होतो. तलावातली पाणी मोजायची पट्टी रोज बघायचो, पाणी वर चढलंच नाही. चौकशीत मी तेच सांगितलं. साहेबांनी वही पुढे केली. वहीत पाऊस होता."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात.

"काय म्हणणार? तेव्हा तुझ्या बाबांची आणि माझी ओळखसुद्धा नव्हती. पण मिलिमीटर चुकीचं लिहीत नाही, हे सगळ्या केंद्राला माहीत. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. एखादं गेट पुरतं बसलं नसेल आणि खालून पाणी गेलं असेल. कितीतरी वर्षं मी सकाळी उठलो की आधी तेच आठवायचो, कुठलं गेट राहिलं असेल."

निघताना त्यांनी मला सांगितलं की जे सापडेल ते लिही, माझी भीड धरू नकोस. मी रस्ताभर स्वतःवर चिडत होते आणि थोडी त्यांच्यावरही. बाबांच्या वहीपुढे त्यांच्या आठवणीचं काय वजन? माणूस स्वतःला वाचवणारच, असं माझ्यातली इतिहासकार म्हणत होती. मांडीवर बसलेली मुलगी काहीच म्हणत नव्हती. मी ठरवलं, मूळ वही काढायची आणि रोजच्या रोज आकडे उतरवून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

केंद्राचं रेकॉर्ड एका लांबट खोलीत आहे. तिथे लोखंडी कपाटं, एक टेबल, एक खिडकी आणि खिडकीतून दिसणारं ते कुंपण. बाबांची मुलगी म्हटल्यावर मला वह्या लगेच मिळाल्या. मी त्या वर्षाचा आणि आधीच्या चार वर्षांचा पावसाळा उतरवायला घेतला. बाबांचं अक्षर सगळीकडे सारखं, आकडे एकाखाली एक, दशांशचिन्हं एका सरळ रेषेत. पहिल्या दिवशी मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला आणि मोबाइल खिशातून अर्धा बाहेर आला, पण मॅडमची पेन्सिल आठवली.

तिसऱ्या दिवशी मी त्या वर्षाचा ऑगस्ट लिहीत होते. चौदा तारीख, बारा पॉइंट सहा. पंधरा तारीख, शून्य. सोळा, एकतीस पॉइंट दोन. आणि सतरा तारखेपुढे मी आठ पॉइंट चार असं लिहून मोकळी झाले. मग वहीत बघितलं. वहीत आठ पॉइंट चारच होतं.

मी आकडा बघण्याआधीच लिहिला होता. माझ्या हाताला तो पाठ होता.

आदल्या दिवशी लिहिलेलं पान काढलं. आधीच्या वर्षीचा ऑगस्ट. चौदा ते चोवीस. बारा पॉइंट सहा, शून्य, एकतीस पॉइंट दोन, आठ पॉइंट चार, तीन पॉइंट आठ, असे ओळीनं अकरा आकडे. दोन्ही वर्षी तेच अकरा आकडे, दशांशासकट. दोन वर्षी सारख्याच तारखांना असा तंतोतंत पाऊस कुठेही पडत नाही. माझ्यापुढच्या मूळ वहीचं ते पान मी खिडकीपाशी नेलं. अकराही ओळींची शाई एकसारखी होती, एका बैठकीत लिहिल्यासारखी. वरच्या आणि खालच्या ओळींची शाई रोजच्यासारखी थोडी कमी-जास्त होती.

माझा वाढदिवस तेरा ऑगस्टला असतो.

मी आठ आठवडे आधी जन्मले. ती गोष्ट आई दर वाढदिवसाला सांगते. तिला एकाएकी त्रास सुरू झाला, इथल्या दवाखान्यानं हात टेकले, मोठ्या शहरात न्यावं लागलं. मी काचेच्या पेटीत होते, आई तापानं फणफणलेली, आणि बाबा अकरा दिवस त्या काचेपुढून हलले नाहीत. रजा कशी मिळाली असं तिला कुणी कधी विचारलं नाही आणि तिनंही बाबांना विचारलं नसावं. मी हे वीस वेळा ऐकलं होतं. अकरा हा आकडाही वीस वेळा ऐकला होता. नको त्या जागी मी पुरावे शोधत फिरत होते.

मी बेरीज केली. अकरा दिवसांचा तो पाऊस शहाण्णव पॉइंट चार मिलिमीटर होता. तो वजा केला तर ऑगस्ट निम्म्यावर येत होता. पाऊस सरासरीइतका नव्हता. गेट बरोबर बसलेलं होतं. माझ्या पेपराचा निष्कर्ष कोसळला होता, पण त्याचं मला काहीच वाटेना. वही मिटली आणि कितीतरी वेळ तिच्यावर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. बाबांचं नाव न घेता सांगितलं की एका माणसाच्या नोंदीत अकरा दिवस खोटे आहेत, आणि ते लिहिलं तर त्याच्या एकतीस वर्षांच्या कामावर पाणी पडेल. दुसरा विषय घेऊ का, असंही विचारलं. अजून दहा दिवस होते, कॉलेजच्या इमारतीवर काहीतरी लिहिता आलं असतं. मॅडमनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

"विषय बदललास तर मी हरकत घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण गेटवरच्या माणसाला विचारण्याआधी तू त्याचा निकाल लिहून टाकला होतास. तेच या माणसाच्या बाबतीत करू नकोस."

बाबा निवृत्त झाले तरी साडेआठ सुटलेले नाहीत. गच्चीवर त्यांनी घरचाच एक पर्जन्यमापक बसवलाय, आणि ते रोज त्याची नोंद एका शाळकरी वहीत करतात. मी सकाळी चहा घेऊन वर गेले. त्यांचा आकडा लिहून होईपर्यंत थांबले. मग त्यांच्या हातात एक कार्ड दिलं. पुढच्या बाजूला लिहिलं होतं: १४ ते २४ ऑगस्टच्या नोंदी आधीच्या वर्षीच्या आहेत. मागची बाजू कोरी होती.

त्यांनी पुढची बाजू वाचली. कार्ड उलटं करून मागची बाजू पाहिली. मग गच्चीच्या कठड्याला टेकून ते खालीच बसले, आणि मीही त्यांच्याशेजारी बसले.

तेरा तारखेची नोंद करून ते घरी आले तेव्हा आई जमिनीवर पडली होती. त्यांच्या हाताखालचा माणूस रजेवर होता. कुंपणाची किल्ली त्यांच्याच खिशात राहिली. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही, काहीच नाही. अकरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले की मुलगी जगेल, तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आपली नोकरी आहे. पंचवीस तारखेला सकाळी ते केंद्रात पोचले आणि पोचताक्षणी कळलं की दहा वाजता साहेब वह्या तपासायला येणार आहेत. नोंद नसेल तिथे 'नोंद नाही' असं लिहायचा नियम आहे. तसं लिहिलं असतं तर अकरा दिवस न सांगता गायब म्हणून घरी बसवलं असतं, आणि तिकडे दवाखान्यात दोन जीव होते.

"मनानं पाऊस लिहायला हात धजेना," बाबा म्हणाले. "मग मागच्या वर्षीची वही काढली. तो पाऊस निदान खरा पडलेला होता. मी स्वतः मोजलेला होता."

मला हसू आलं आणि रडूही. जगातला दुसरा कुठलाही माणूस खोटं लिहिताना मनाला येईल ते ठोकून देतो. माझ्या बाबांना त्यासाठीसुद्धा खरा आकडा लागला, आणि म्हणूनच ते सापडले.

"आणि बाटली?" मी विचारलं. अकरा दिवस कुणी ओतली नाही म्हणजे सगळं पाणी बाटलीतच असणार, हे एवढ्या वर्षांत मलाही कळत होतं.

"आधी वही भरली आणि मग बाटली पाहिली. आयुष्यात एकदाच उलटं केलं." ते कार्डाकडे बघत होते. "चार पॉइंट दोन निघाले. अकरा दिवसांचे मिळून. तोवर शाई वाळली होती आणि साहेब दारात होते."

पुढच्या उन्हाळ्यात चौकशी बसली तेव्हा त्यांना एकच प्रश्न विचारला गेला, वही बरोबर आहे का. तेव्हा मी नऊ महिन्यांची होते आणि दर पंधरा दिवसांनी मला डॉक्टरकडे न्यावं लागत होतं. बाबा हो म्हणाले. वाळू धुणाऱ्या माणसाला भेटायला ते पहिल्यांदा गेले ते त्यानंतरच्या रविवारी. सांगायचं म्हणूनच गेले होते. त्यानं बुद्धिबळाचा पट पुढे केला. सांगायचं पुढच्या रविवारवर गेलं, आणि मग दर पुढच्या.

मी म्हटलं, विषय बदलते, मॅडमनी परवानगी दिलीय. त्यावर ते पहिल्यांदाच थोडे रागावले. कार्ड माझ्यापुढे धरून म्हणाले, हे कोरं ठेवणार आहेस का. मग उठून खाली गेले. कपाटात माझ्या लहानपणीच्या कागदांचा एक डबा आहे. त्यातून त्यांनी खिशात मावेल एवढी डायरी आणली आणि एक पान उघडून माझ्या हातात दिलं.

मला वाटलं पावसाचे आकडे असतील. चौदा तारखेपुढे होतं १४२०. पंधरा, १४०५. सोळा, १३८०. सतरा, १३६०. अठरालाही १३६०. एकोणीसला १३७०, आणि तिथून चढत चढत चोवीस तारखेला १४५०. प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहिली होती, सकाळी साडेआठ. दशांशचिन्हं नव्हती, पण आकडे तसेच एकाखाली एक होते.

ते माझं वजन होतं, ग्रॅममध्ये. नर्स सकाळी बाळांची वजनं करायची तेव्हा ते काचेबाहेर डायरी घेऊन उभे राहायचे.

"नोंद एकही दिवस चुकली नाही," बाबा म्हणाले. "फक्त पावसाची नव्हती."

पानाच्या तळाशी वेगळ्या शाईनं लिहिलेली आणखी एक ओळ होती: २५. बाटलीत एकूण ४.२. खोटं लिहिल्यानंतर अर्ध्या तासानं त्यांनी खरा आकडा इथे लिहून ठेवला होता, जिथे कुणी तपासायला येणार नव्हतं आणि जिथून तो कधी हरवणारही नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते अवघडले, मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. चहा केव्हाच थंड झाला होता.

कार्डाची मागची बाजू मी तिथेच बसून भरली. पुढचा आठवडा पेपर नव्यानं लिहिण्यात गेला. मानवी संस्कृतीचा उगम गेला, हवालदिल शहर गेलं, 'उघड आहे' तर समूळ गेलं. पहिलं वाक्य आता एवढंच होतं: त्या वर्षी तलाव का भरला नाही, याचं चौकशी समितीनं दिलेलं उत्तर चुकीचं होतं. त्यामागे कार्ड होतं. अकरा दिवसांबद्दल मी एक तळटीप लिहिली. तीत म्हटलं की पर्जन्यमापन करणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीमुळे या नोंदी विश्वसनीय नाहीत. बाटलीतलं प्रत्यक्ष माप ४.२ असून ऑगस्टचा खरा पाऊस २१२.८ नव्हे, तर १२०.६ मिलिमीटर होता. ते पान बाबांना दाखवलं. त्यांनी माझी वजाबाकी तपासली. मग 'एका कर्मचाऱ्याच्या' हे शब्द खोडून तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. नवव्या पानावर मी अजूनही 'गेटवरील कर्मचारी' असं लिहिलं होतं. तिथे त्यांनी गेटकाकांचं पूर्ण नाव लिहिलं. वीस वर्षांत ते नाव मला ठाऊक नव्हतं, याची मला लाज वाटली.

आईला त्याच दिवशी कळलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, स्टुलावर चढून मानपत्र काढलं आणि बाबांकडे दिलं. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिला. मग म्हणाली, दाढ दुखतेय म्हणून मी इतके दिवस मऊ भात करून घालतेय.

मॅडमनी नंतर तो पेपर कॉलेजच्या वार्षिक चर्चासत्रात वाचायला लावला. समासात एकही 'कशावरून' नव्हतं. फक्त ऋणनिर्देशाच्या पानावर, जिथे मी लिहिलं होतं की माझ्या वडिलांइतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही, तिथे पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडल्याची खूण होती. पण ते सगळं नंतर झालं. त्याआधी रविवार आला.

गेटकाका चार वाजता आले. बाबांनी पट मांडला नाही. तळटीपेचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभेच राहिले, साहेबांपुढे उभं राहावं तसे. मी आणि आई आतल्या दाराशी होतो. गेटकाकांनी चष्मा लावून पान वाचलं, दोनदा वाचलं. आपल्या नावावर बोट ठेवलं. मग पानाची नीट घडी करून खिशात घातली.

"मी माफी मागायच्या लायकीचा नाही," बाबा म्हणाले.

"बस आधी," गेटकाका म्हणाले. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. हिच्या पाचव्या वाढदिवसापासून. वहिनी काचेच्या पेटीची गोष्ट सांगत होत्या. अकरा दिवस, म्हणाल्या. मी घरी जाऊन बोटांवर तारखा मोजल्या. त्या दिवसापासून सकाळी उठून गेट आठवणं थांबलं."

बाबांनी तोच प्रश्न विचारला जो मीही विचारला असता. पंधरा वर्षं बोलला का नाहीस?

गेटकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिल्यांदा फार राग आला. म्हटलं, रविवारी जाऊन तोंडावर विचारायचं. आलो तर ही पळत आली आणि मांडीवर बसली. हिला उचलून खाली ठेवल्याशिवाय ते बोलता येणार नव्हतं. आणि मला हिला खाली ठेवायचं नव्हतं." मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. "नंतर वाटलं, तूच सांगशील. दर रविवारी येत होतो ते त्यासाठीच. तू सांगत नव्हतास, नुसता हरत होतास."

बाबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई पुढे जायला निघाली, पण गेटकाकांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. पट उघडून त्यांनी सोंगट्या मांडायला सुरुवात केली, दोघांच्याही. बाबांचा वजीर जागेवर ठेवला, घोडे ठेवले, प्यादी एका सरळ रेषेत लावली. बाबांचं रडणं थांबेपर्यंत पट मांडून झाला होता.

"आता नीट खेळ," ते म्हणाले.

बाबांनी डोळे पुसले आणि पटाकडे पाहिलं, रेषेशी डोळा आणून पाण्याकडे बघायचे तसं. मी लहानपणापासून असं समजत होते की माझ्या बाबांना बुद्धिबळ येत नाही. सोळाव्या खेळीला त्यांनी मात केली.

गेटकाका बराच वेळ आपल्या राजाकडे बघत बसले. शहाची वाट कुठून आली ते त्यांनी बोटानं उलटं मोजत शोधलं. मग आईला चहा टाकायला सांगितलं, बाह्या वर सारल्या आणि पुन्हा सोंगट्या मांडायला घेतल्या.